भांगेचा दुसरा पेला

महाशिवरात्र आली की भांगेचा विषय निघतोच. नारायणगडापासून परळीपर्यंतच्या मंडळींनी एक लक्षात घ्यावं: एकाच पातेल्यातले दोन पेले सारखे नसतात. नशा आणणारा घटक, टीएचसी, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो दुधाच्या स्निग्धांशात उतरतो. वाटलेला पाला तळाशी बसतो, म्हणून तळचा पेला जास्त कडक निघू शकतो. शिवाय पानापानाचा जोर वेगळा. औषध कारखान्यात प्रत्येक घाण्याची तपासणी होते, घरच्या पाट्यावर ती कशी होणार? पोटातून असर चढायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच झालं नाही’ म्हणत दुसरा पेला घेणं, खरा धोका तिथंच. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हाही आहे. कुणी बेशुद्ध पडलं, तर लगेच 108ला फोन करा.