टेकडीवरचे नगर आणि मेची पहिली तारीख



१ मे ही आपल्याकडे दुहेरी सुट्टी. महाराष्ट्र दिनाची आणि कामगार दिनाची. जगात पुष्कळ देश कामगारांचा हा दिवस पाळतात. तो ज्या अमेरिकेत जन्मला, तिथे मात्र त्या दिवशी कारखाने चालू असतात. असे का, हे आम्हां चळवळीतल्या माणसांना फार दिवस कोडे होते.

१ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी तिथल्या लाखो कामगारांनी काम थांबवले. ४ तारखेला शिकागोच्या हेमार्केट चौकात सभा चालू असता पोलिसांवर बॉम्ब पडला. तो कोणी टाकला, हे आजतागायत ठरलेले नाही. तरी आठ जण दोषी ठरले आणि १८८७ च्या नोव्हेंबरात चौघे फासावर गेले. आठांतले पाच जर्मनीत जन्मलेले. तेवढे पुरे झाले! आमच्या भूमीत असंतोष उगवत नाही, तो बोटीतून येतो, असा निकाल लागला. (संप झाला की ‘बाहेरच्यांनी भडकवले’, हे आम्हीही गेटावर ऐकत आलो आहोत.) फाशी गेलेला पार्सन्स अलाबामात जन्मलेला होता, हे सोयिस्करपणे मागे पडले. १८९३ साली गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना सोडले आणि खटलाच न्याय्य नव्हता, असे लिहून ठेवले. पुढच्या वर्षी कामगारांना राष्ट्रीय सुट्टी मिळाली, ती सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी! १९५८ साली तर १ मे हा ‘निष्ठा दिन’ आणि ‘कायदा दिन’ ठरला.

याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. १६३० साली जॉन विन्थ्रॉप यांनी आपल्या सहप्रवाशांना बजावले होते की, आपण टेकडीवरचे नगर होणार, साऱ्या जगाचे डोळे आपल्यावर राहतील. मुळात हा धाक होता. चुकलात तर जगात छी:थू होईल, असा. रेगनसाहेबांनी त्या नगराला ‘चमकते’ हे विशेषण जोडले आणि धाकाचा गौरव झाला.

कामगार पुढारीही यातून सुटले नाहीत. लव्हस्टोन यांचा गट म्हणे, अमेरिकन भांडवलशाहीला इतरांचे नियम लागू नाहीत. १९२९ साली त्यांना कम्युनिस्ट पक्षाबाहेर काढले. ‘अमेरिकन अपवाद’ हा शब्द त्या भांडणात शिवीसारखा वापरला गेला. पुढे राजकारणी तोच मिरवू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉल स्ट्रीट कोसळला आणि १९३३ पर्यंत सुमारे चारांत एक कामगार बेकार झाला.

तरी समजूत टिकली. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्याने युनियनच्या पदाधिकाऱ्यांकडून आपण कम्युनिस्ट नसल्याची प्रतिज्ञापत्रे मागितली. मालकांकडून मात्र त्या वेळी कसलेच प्रतिज्ञापत्र मागितले नाही.