चिंटू : चौकटीतला आणि पडद्यावरचा

चित्रमालिकेतल्या मुलाला वय नसते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये आला. त्याचे बालवाचक बापे झाले, तो शाळकरीच राहिला. पंडितांची रेघ मोजकी. दोन-चार चौकटींत घर, गल्ली, पप्पू, मिनी सारी मावतात. मधली पळापळ वाचकानेच पाहायची.

श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ व २०१३ साली त्यावर दोन चित्रपट केले. पडद्याला मोठी गोष्ट लागते; म्हणून पहिल्यात मुलांचे मैदान बळकावणारे गुंड आले. साध्या खोडीचे तेथे भागेना! चिंटू झालेला शुभंकर अत्रे गोड खरा. पण हाडामांसाच्या पोराला मिसरूड फुटणारच. आणि चिंटूचा आवाजही तेथे एकच ठरून गेला. आपल्या वाशीमचे पोर त्याचे पुस्तक मोठ्याने वाचू लागले, की पुण्याचा चिंटू खुशाल वऱ्हाडी हेल काढतो.