परसदारी एक खोली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिल्ली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी साहित्य, संगीत वा नाट्य यांवर अधिकाराने बोलणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही साधे पदवीधर, केंद्र सरकारच्या चाकरीत केस पांढरे केलेले. तेव्हा कार्यवाहांनी व्याख्यानाचा आग्रह धरला त्या वेळी आम्ही आमच्या आवाक्यातला विषय निवडला. गेली काही वर्षे मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहा घेता घेता एक प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो : "घराच्या मागच्या अंगाला एक खोली काढायची आहे, तर परवानगी लागते का?" उत्तर एका शब्दाचे आहे, 'लागते'. परंतु ती का लागते, हे उमगल्यावाचून त्या उत्तराने कोणाचेही समाधान होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही खोली कोणी चैनीखातर काढीत नाही. नोकरीच्या निमित्ताने येथे आलेल्या पिढीने पै पै साठवून भूखंड घेतले, त्यांवर बेताची घरे बांधली. आता गावाकडील आईवडील कायमचे येथे येतात, त्यांना जिना चढवत नाही. मुलाचे लग्न होते, सुनेला स्वतःची म्हणावी अशी जागा हवी असते. समोर रस्ता, दोहो बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती. मग दृष्टी साहजिकच मागे वळते आणि तेथे ती चार हात मोकळी जागा दिसते. 'उगीच पडून आहे' असे आपण म्हणतो. आमचा सारा मतभेद या 'उगीच' शब्दाशी आहे.

आपल्या जुन्या घरांची रचना आठवा. पुढे ओसरी, मध्ये माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि सर्वांत शेवटी परसदार. परसात विहीर, धुण्याचा दगड, सांडपाण्यावर वाढलेले अळू आणि केळी. ही जागा कोणी उगीच सोडलेली नव्हती. घराचा ओलावा, धूर आणि सांडपाणी जिरविण्याचे काम ती करीत असे. वाड्यांना जेथे परस पुरेसे नसे, तेथे मध्ये चौक असे. कारण चौकावाचून मधल्या खोल्यांत दिवसाही समई लावावी लागली असती.

शहरात ही समजूत विसरली गेली तेव्हा काय घडले, याचा दाखला आपल्या मुंबईनेच दिला आहे. १८९६ साली मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. चाळी एकमेकींस पाठ लावून उभ्या, मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी घरगल्ली आणि तीत सांडपाणी. त्या अनुभवातून १८९८ मध्ये शहरसुधारणेचा कायदा होऊन मुंबईचे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाले. त्याच्या अभियंत्यांनी पुढे ६३½ अंशांचा नियम रूढ केला. भूमितीच्या भाषेतून तो साध्या भाषेत आणला तर असा : दोन इमारतींमधील मोकळी जागा जितकी रुंद, तिच्या दुपटीहून समोरची भिंत उंच असू नये, म्हणजे खालच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसतो. मागील अंगास मोकळी जागा सोडण्याचे जे नियम आज आपणांस जाचक वाटतात, त्यांच्या मुळाशी असे मृत्यूचे दाखले आहेत.

आता दिल्लीचे नियम पाहू. २००७ साली अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्यात भूखंडाच्या आकारानुसार किती जागा झाकावी याची मर्यादा घातली आहे. १०० चौ. मी. पर्यंतच्या भूखंडावर ९० टक्के, १०० ते ७५० पर्यंत ७५ टक्के. १०० ते २५० चौ. मी. च्या भूखंडास समोर ३ मीटर सोडावे लागतात, मागे सक्तीचे अंतर नाही. २५० च्या पुढे मात्र मागेही ३ मीटर सोडावे लागतात. या कोष्टकास टीपा आणि अपवाद आहेत, तथापि सर्वसाधारण चित्र हे असे.

'मागे सक्तीचे अंतर नाही' हे वाक्य ऐकून पुष्कळांचे डोळे चमकतात. पण हिशेब पुरा करावा. समजा, भूखंड १० मीटर रुंद व २० मीटर लांब, म्हणजे २०० चौ. मी. आहे. त्यापैकी १५० झाकता येतात, ५० उघडे राहिले पाहिजेत. समोरच्या ३ मीटरांत ३० चौ. मी. गेले. राहिले २०. ते मागे ठेवले तर सबंध रुंदीभर २ मीटरांची पट्टी होते. मध्ये ठेवले तर चौक होतो. परंतु ते कोठे तरी ठेवावेच लागतात. मागची भिंत थेट शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत नेऊन चौकही बुजविला, की नियम मोडलाच.

याहूनही एक मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो नकाशा काढताना हमखास निसटतो. आपण नव्या खोलीचा विचार करतो, जुन्या खोलीचा करीत नाही. जी खोली आजवर मागच्या अंगणात उघडत होती, तिच्यापुढे नवी खोली आली म्हणजे तिची एकुलती खिडकी बंद होते. राहत्या खोलीची खिडकी उघड्या हवेत, चौकात अथवा उघड्या पडवीत उघडली पाहिजे, हे तत्त्व राष्ट्रीय बांधकाम संहितेत आहे. १९७० साली प्रथम निघालेल्या आणि २०१६ साली सुधारलेल्या या संहितेने खिडक्यांचे प्रमाणही हवामानानुसार ठरविले आहे. कोरड्या उष्ण प्रदेशात जमिनीच्या क्षेत्राचा एक दशांश, कोकण किंवा बंगालसारख्या दमट उष्ण प्रदेशात एक षष्ठांश. १२ चौ. मी. च्या खोलीस कोरड्या उष्ण प्रदेशात १.२ चौ. मी. खिडकी पुरते, तर कोलकत्याच्या आपल्या बांधवांस २ चौ. मी. लागते. एक खोली मिळविण्यासाठी दुसरी आंधळी करणे यात लाभ कोणता? याच कारणास्तव दिल्लीच्या आराखड्याने ५० ते १०० चौ. मी. च्या लहान भूखंडांवरील नव्या बांधकामातही निदान २ मीटर बाय २ मीटरचा उघडा चौक ठेवावयास सांगितले आहे. आपल्या वाड्याचा चौक असा कायद्याच्या वाटेने परत आला आहे.

आता शेजाऱ्याकडे वळू. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या १५ व्या कलमानुसार एखाद्या इमारतीस २० वर्षे अखंड व निर्वेधपणे मिळालेला उजेड व वारा हा हक्क होऊ शकतो. आपल्या वसाहती त्याहून जुन्या आहेत. तेव्हा शेजाऱ्याची खिडकी झाकणारी भिंत महापालिकेच्या नजरेतून निसटली तरी दिवाणी न्यायालयातून निसटेलच असे नाही.

आमच्या पाहण्यातील दोन घरे सांगतो. एका मराठी गृहस्थांनी वृद्ध मातोश्रींसाठी मागे खोली बांधली. हेतू उत्तम. पण परवानगी नाही, विचारपूस नाही. सुट्टीच्या चार दिवसांत भिंत हद्दीपर्यंत नेली आणि पाठीमागच्या पंजाबी कुटुंबाच्या स्वयंपाकघराची खिडकी तिच्याआड गेली. तीस वर्षांचा घरोबा होता. तक्रार झाली, नोटीस आली, खोलीस टाळे लागले. हे सारे एक वेळ भरून निघते. पण त्या घरची शेजारीण रोज सकाळी खिडकीतून "माताजी" म्हणून हाक मारीत असे, ती हाक थांबली. ज्यांच्यासाठी खोली काढली त्या मातोश्रींना मराठी बोलणारे शेजारी नव्हते. त्या एका हाकेवर त्यांचा दिवस उजाडत असे.

दुसऱ्या घरी याच गरजेपोटी प्रथम शेजाऱ्यांस चहाला बोलावले, कच्चा नकाशा टेबलावर पसरला. मागे २ मीटर सोडून, मंजुरी घेऊन खोली झाली. तीन वर्षांनी पाठीमागच्या शेजाऱ्यांनीही तितकीच जागा सोडून आपली खोली काढली. आज दोहोंच्या मध्ये ४ मीटर उजेड आहे. परवानगीचा अर्थ आम्ही असा समजतो. आपण जेथे बाहेरून आलो तेथे बोलावे ते विचारूनच, ही जी आपली रीत, तिचेच ते लेखी रूप आहे.

कोणी म्हणेल, "सगळेच करतात, आपणच का खेटे घालावे?" आम्ही स्वतः सरकारी नोकर आहोत. खेटे घालावे लागतात, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि वाट पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. प्लास्टर, रंगसफेदी, फरशी अशा निव्वळ दुरुस्तीस परवानगी लागत नाही. २०१६ च्या उपविधींनी नियोजित वसाहतींतील १०५ चौ. मी. पर्यंतच्या निवासी भूखंडांसाठी 'सरल' योजना आणली. तीत ठरावीक सूचना व शुल्क दाखल करून काम आरंभता येते. मोठ्या भूखंडांस नोंदणीकृत वास्तुविशारदाचा नकाशा, मालकीचे कागद, पूर्वीचा मंजूर नकाशा आणि इमारत सुरक्षित असल्याचा अभियंत्याचा दाखला लागतो. नकाशात पाडावयाचे काम पिवळ्या रंगात व नवे काम तांबड्या रंगात दाखवितात, एवढे आपणही तपासून पाहावे. मागच्या अंगास बहुधा मलवाहिनीची झाकणे असतात. त्यांवर खोली चढवू नये. जुन्या पायाजवळ नवा पाया घेताना अभियंत्यास विचारल्यावाचून कुदळ मारू नये. दिल्ली भूकंपप्रवण आहे. सदनिकांत राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे की तळमजल्यामागील जमीन वरच्यांचीही असते. तेथे इतर मालकांची लेखी संमती आधी, विटा मागाहून.

'पुढे नियमित करून घेऊ' हा भरवसाही आता धरवत नाही. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, बांधकामास किती काळ लोटला, किती पैसा गुंतला किंवा अधिकारी किती स्वस्थ बसले, यांमुळे अनधिकृत बांधकाम अधिकृत ठरत नाही. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरच्या निकालाने, रस्ते व जलाशय यांवरील अतिक्रमणासारखे अपवाद सोडल्यास, पाडकामापूर्वी १५ दिवसांची नोटीस आवश्यक केली आहे, हा नागरिकास दिलासा खरा. पण नोटीस म्हणजे मंजुरी नव्हे.

आणि एक शेवटची गोष्ट, जी फायलींत आयुष्य घालविलेल्या माणसासच सुचावी. माणसे बदलून जातात, निवृत्त होतात, हे जग सोडून जातात, कागद राहतो. आपली मुले आज बेंगळुरूला, पुण्याला, परदेशात आहेत. उद्या हे घर विकावे लागेल, वाटणी करावी लागेल किंवा त्यावर कर्ज काढावे लागेल. त्या दिवशी मागची खोली मंजूर नकाशात नसेल, तर आपण प्रेमाने बांधलेली तीच खोली भावंडांत वादाचे कारण होईल. परगावी आलेल्या कुटुंबाजवळ सात पिढ्यांची शेतीवाडी नसते. त्याचा वारसा म्हणजे हे एक घर. ते निर्वेध ठेवावे, हेही आईवडिलांचे कर्तव्यच होय.

तेव्हा खोली अवश्य काढा. आईवडिलांना जवळ आणा, सुनेला तिची जागा द्या. फक्त आधी शेजाऱ्यास विचारा, मग महापालिकेस आणि मागे थोडे आकाश शिल्लक ठेवा. नकाशा समजून घेण्यास कोणास साहाय्य हवे असल्यास आम्ही दर रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात असतो. संकोच करू नये.