लग्नातील फोटोंची वही आणि झटपट कॅमेरा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत, वडवणी येथे केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले आहे आणि भाषणाची सवय मुळीच नाही. परंतु माझ्या लेकीच्या लग्नात आम्ही फोटोंची वही ठेवली होती. ती पाहून पुष्कळ जणींनी विचारले की कॅमेरा कोणता घ्यावा आणि खर्च किती येतो. एकेकीला सांगण्यापेक्षा सर्वांना एकदम सांगावे, म्हणून आज उभी आहे. चुकले तर पदरात घ्यावे.

आपल्याकडे लग्नात वही नवी नाही. आहेराची वही घरोघरी असते. मांडवाच्या तोंडाशी दोन पुरुष माणसे बसतात आणि नाव, गाव, रक्कम लिहितात. आमच्या स्वतःच्या लग्नातली वही मी अजून जपून ठेवली आहे. ती चाळताना एकदा ध्यानात आले की तीत एकाही बाईचे नाव नाही. जिने चार दिवस आधी येऊन हळद दळली, तिचे नाही. जिने रात्र जागून रुखवत मांडले, तिचेही नाही. लेक पुण्याला नोकरी करते. तिने फोटोंच्या वहीची कल्पना सांगितली, तेव्हा मला ही जुनी वही आठवली आणि मी होकार दिला.

घरातून विरोध झाला. हे म्हणाले, "प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग हा खर्च कशाला?" म्हणणे खोटे नव्हते. परंतु मोबाइलातला फोटो मोबाइलातच राहतो. वहीतला फोटो हातात घेता येतो आणि त्याखाली ज्याने त्याने स्वतःच्या हाताने चार शब्द लिहिलेले असतात.

या कॅमेऱ्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. 1943 साली अमेरिकेत एडविन लँड नावाच्या गृहस्थाने आपल्या लहान मुलीचा फोटो काढला. मुलीने विचारले, आत्ताच का दिसत नाही? त्या प्रश्नावर विचार करून त्याने पोलरॉइड कॅमेरा तयार केला आणि 1948 साली तो विक्रीला आला. लहान मुलीच्या प्रश्नाला हसू नये, एवढे तरी यातून घ्यावे. पुढे मोबाइलच्या काळात, 2008 साली, त्या कंपनीने फिल्म करणे थांबवले. नंतर दुसऱ्या लोकांनी ती पुन्हा सुरू केली. जपानच्या फूजीफिल्म कंपनीचे इन्स्टॅक्स मिनी कॅमेरे 1998 पासून आहेत.

आता निवड कशी केली ते सांगते. दुकानात गेल्यावर मुली आधी कॅमेऱ्याचा रंग पाहतात. मी म्हणते, कॅमेरा नंतर पाहा, आधी फिल्म पाहा. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, फिल्मचा खर्च मात्र दर फोटोला होतो.

पोलरॉइडचा फोटो मोठा आणि चौकोनी येतो, पण पाकिटात फोटो आठच. रंगीत फोटो पुरता उमटायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि तोवर तो उजेडापासून झाकून ठेवावा लागतो. मांडवात एवढा धीर कोणाला? इन्स्टॅक्स मिनीच्या पाकिटात दहा फोटो असतात आणि दीड मिनिटाच्या आसपास चेहरा दिसू लागतो. चित्र मात्र लहान, 46 बाय 62 मिलिमीटर. त्यात दोन माणसे नीट बसतात, तीन दाटीने. इन्स्टॅक्स वाइडचे चित्र 99 मिलिमीटर रुंद असते. त्यात सारे कुटुंब मावते, पण फोटोही महाग पडतो.

आम्ही मिनी घेतला. एक लेकीच्या मैत्रिणीचा होता, दुसरा विकत आणला. दोन्ही मिनीच असल्याने एकाची फिल्म दुसऱ्याला चालली. मिनीची फिल्म वाइडला चालत नाही, हे उसनवारी करताना ध्यानात ठेवावे. शिवाय आमच्या कॅमेऱ्यांना दोन पेन्सिल सेल लागत, आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. फोटो आधी पाहून मग छापणारे कॅमेरेही निघाले आहेत. त्यात फिल्म वाया कमी जाते, पण किंमत आम्हाला झेपणारी नव्हती.

सहा पाकिटे, म्हणजे साठ फोटो आणले. एक फोटो साठ-सत्तर रुपयांच्या घरात पडला. त्यातले सात वाया गेले, ते माझ्या चुकीने. लग्न मे महिन्यातले. ऊसतोडीला गेलेले आपले लोक कारखान्यांवरून परतल्यावरच आपल्याकडे लग्ने होतात, त्यामुळे ऊन चुकत नाही. मी एक पाकीट जीपमध्ये विसरले. चाळीस अंशांपुढच्या उन्हात हे कॅमेरे आणि फिल्म नीट काम करत नाहीत. त्या पाकिटातल्या पाच फोटोंचे रंग बिघडले. उरलेल्या दोहोंत कोणाचे तरी बोट आडवे आले.

आणखी काही गोष्टी अनुभवाने कळल्या. नवे पाकीट घातल्यावर पहिल्यांदा काळा कागद बाहेर येतो. तो फिल्मचे झाकण असतो, फोटो वाया गेला असे समजू नये. पाकीट संपेपर्यंत मागचे दार उघडू नये. फोटो हलवू नये, सावलीत पालथा ठेवावा. कात्रीने कापू नये, आत रसायन असते. झोताचा उजेड सात फुटांपलीकडे पोचत नाही, म्हणून माणूस चार-पाच फुटांवर बसवावा. फोटोच्या पांढऱ्या कडेवर पक्क्या शाईच्या मार्करने लिहावे आणि लगेच बोट लावू नये.

मांडवाच्या एका बाजूला खुर्ची ठेवून आम्ही फोटो काढू लागलो. यांच्या आत्याबाई मागे भिंतीशी बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, वैधव्य येऊन चाळीस वर्षे झाली. शुभकार्यात पुढे यायचे नाही, ही त्यांची जन्माची सवय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 साली विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनेही त्याचा कित्ता गिरवण्यास सांगितले. पण ठराव घरापर्यंत आणायचा तर कोणीतरी उठून हात धरावा लागतो. लेक नवरीच्या वेषात उठली आणि त्यांना खुर्चीवर बसवून स्वतः शेजारी उभी राहिली.

फोटो उमटताना आत्याबाई टक लावून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मीच हाय का गं ही? मला नेऊ देशील का हा?"

येथे अडचण आली. या फोटोची प्रत निघत नाही. दिला तर वहीत जागा रिकामी राहते, ठेवला तर म्हातारीचे मन मोडते. हे हिशेब करीत उभे होते. मी म्हटले, "अहो, दुसरा काढू या." तेव्हापासून साठीच्या पुढच्या प्रत्येकाचे दोन फोटो काढले, एक वहीला, एक त्यांना. असे अकरा फोटो घरोघरी गेले आणि वहीत बेचाळीस राहिले. काही तरुण पाहुण्यांचे राहून गेले. त्यांचा रुसवा मी पत्करला.

शेजारची एक ऊसतोड करणारी बहीण लिहिता येत नाही म्हणून मागे सरत होती. मी विचारले, "काय लिहू?" ती म्हणाली, "माझं नाव लिवा, मालकाचं नको." तसेच लिहिले.

तेव्हा भगिनींनो, कॅमेरा घेण्याआधी कागद घ्या आणि वहीत कोण यायला हवे त्याची यादी करा. आधी म्हाताऱ्या माणसांची, मग राबणाऱ्या हातांची, मग बाकीच्यांची. त्यात दहा-बारा जादा धरा. जेवढे फोटो होतील तेवढी पाकिटे आणा, आणि कॅमेरा शक्य तर उसना घ्या. वही पुरी झाली की तिचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि ती उन्हापासून दूर, कपाटात ठेवा.

आत्याबाईंचा फोटो त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत आहे. कोणी पाहुणा आला की पेटी उघडते.