विमा सुटतो, विकार सुटत नाही



१९४८ साली संमत झालेल्या कायद्यानुसार कर्मचारी राज्य विमा योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे झाला. पुढे महाराष्ट्रातील औद्योगिक नगरांतही ती पोहोचली. कामगाराची अल्प वर्गणी, मालकाची त्याहून मोठी वर्गणी आणि त्या बदल्यात कामगारास व त्याच्या कुटुंबीयांस तपासणी, उपचार व औषधे, असे तिचे स्वरूप आहे.

या विम्याचे खरे मोल दवाखान्याच्या औषध-खिडकीपाशी कळते. मधुमेह, रक्तदाब, दमा यांसारख्या विकारांत औषध दरमहा, बहुधा जन्मभर घ्यावे लागते. परंतु कारखाना बंद पडला, कंत्राट संपले किंवा वेतन विहित मर्यादेपलीकडे गेले, की विमा सुटतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून मासिक १५ हजारांवरून २१ हजार रुपये करण्यात आली. काल विनामूल्य मिळणारे औषध मग दुकानातून विकत घ्यावे लागते. आणि नोकरी गेली असेल, तर मिळकतही थांबलेली असते. गोळी प्रथम एक दिवसाआड घेतली जाते, पुढे बंद होते. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, म्हणून ही काटकसर निर्धोक वाटते. तिची किंमत पुढे पक्षाघाताच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकाराच्या रूपाने मोजावी लागते.

नोकरी सुटली त्याच दिवशी हक्क संपला, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. या योजनेच्या रचनेत एप्रिल ते सप्टेंबर या काळातील वर्गणीचा लाभ पुढील जानेवारी ते जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते मार्चमधील वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. त्यासाठी त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी आवश्यक ठरविलेली आहे. म्हणजेच विमा सुटण्यापूर्वी पर्यायी व्यवस्था करण्यास काही अवधी हाती असतो. अज्ञानामुळे तो वाया जातो.

काम सुटलेला कामगार पुष्कळदा गावी परततो. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची रक्तदाब व मधुमेहासाठी नोंद व्हावी, जुनी औषधचिठ्ठी त्याने जपून आणावी आणि विकत घ्यावयाची औषधे शक्य तेथे जनऔषधी केंद्रातून स्वस्तात घ्यावीत, एवढे मार्गदर्शन सरपंच, शिक्षक व ग्रामसेवक सहज करू शकतात. परतलेल्या माणसाची विचारपूस करताना "काम मिळाले का?" या प्रश्नासोबत "औषध चालू आहे ना?" हाही प्रश्न विचारला जावा. त्याने एखादे कुटुंब उद्ध्वस्त होण्यापासून वाचेल.