बायबलचे भाष्यग्रंथ निवडताना

बायबलच्या अभ्यासकाला आज मोबाइलवर अख्खं ग्रंथालय उभारता येतं. पण त्यात कोणते भाष्यग्रंथ ठेवायचे?

मॅथ्यू हेन्री यांचं भाष्य मोफत मिळतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं हे लेखन मनन-चिंतनासाठी आजही मोलाचं आहे. मात्र नंतर हाती आलेले पुरावे त्यात असणार कसे? एक उदाहरण घेऊ. पहिल्या शमुवेलाच्या ११व्या अध्यायात अम्मोनी राजा नाहाश याबेश-गिलादच्या लोकांचे उजवे डोळे काढण्याची अट घालतो. एवढं क्रौर्य कशासाठी, हे पारंपरिक हिब्रू पाठावरून कळत नाही. मृत समुद्राजवळ, कुमरानच्या चौथ्या गुहेत १९५२ साली मिळालेल्या गुंडाळीत मात्र एक जादा परिच्छेद आहे. त्यानुसार नाहाशने गाद आणि रऊबेन वंशांतल्या लोकांचे डोळे आधीच काढले होते आणि निसटलेले ७,००० जण याबेशात आश्रयाला आले होते. काइल मॅकार्टर यांच्या १९८० सालच्या 'अँकर बायबल' मालिकेतल्या भाष्यात याचा विचार झाला आहे.

अख्खी मालिका एकदम विकत घेऊ नका. खंडागणिक लेखक बदलतो, तसा दर्जाही. ज्या पुस्तकाचा अभ्यास चालू आहे, त्यावरचे दोन खंड घ्या: एक मूळ भाषा आणि पाठभेद तपासणारा, दुसरा अर्थ सलग उलगडणारा. घेण्याआधी एखाद्या अवघड वचनावरचं विवेचन वाचा. लेखक विरुद्ध मतही प्रामाणिकपणे मांडत असेल, तर तो ग्रंथ खुशाल घ्या.