दुसऱ्या दुर्बिणीचा खर्च

अहिल्यानगर जिल्ह्यातील बालरोगतज्ज्ञ मित्रहो,

आजारी मुलाच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले, तर या जिल्ह्यात वर्गणी उभी राहते. पण मुलाला हा आजार झाला कशामुळे, हे शोधण्यासाठी पैसे मागितले की लोक थबकतात. आजची मागणी नेमकी त्यासाठीच्या निधीची आहे.

भाकरीचा घास बराच वेळ तोंडात घोळवणारं, प्रत्येक घासामागे पाणी पिणारं मूल ओपीडीत येतं. घरचे म्हणतात, जेवायची नाटकं करतो. अॅसिडिटीचं औषध दिलं जातं, कधी जंताचंही. अशा काही मुलांना इओसिनोफिलिक इसोफेजायटिस असतो. अन्नातल्या एखाद्या घटकाविरुद्ध शरीर उठतं आणि अन्ननलिकेला सूज येते. दुर्बिणीतून अन्ननलिका कधी अगदी निरोगी दिसते; म्हणून वेगवेगळ्या जागचे तुकडे काढावे लागतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या दृश्यक्षेत्रात पंधरा किंवा अधिक इओसिनोफिल पेशी दिसल्या, की निदानाला आधार मिळतो. वेगळा आजार म्हणून त्याची ओळख पटली ती 1990 च्या दशकात. दूध, गहू, अंडी, सोया, दाणे-सुकामेवा आणि मासे हे संशयित पदार्थ पाश्चात्त्य ताटावरून ठरले. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्या नगरच्या मुलांचं काय, हे इथेच तपासायला हवं.

असं शोधकाम महाराष्ट्रात दुसऱ्या एका आजाराबाबत झालेलं आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांचं यकृत कडक होत जाई, पोट फुगे आणि बहुतेक मुलं दगावत. काही घरांत एकापाठोपाठ एक मुलं गेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’चा माग काढला. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं, ते कोणत्या भांड्यात तापवलं, भांड्याला कल्हई होती का, हे आयांना विचारलं. कल्हई नसलेल्या पितळेतून तांबं दुधात उतरत होतं. 1983 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आनुवंशिक कल किती, यावर वाद राहिला. पण भांडी बदलली आणि तो आजार जवळपास नाहीसा झाला.

चुलीपाशी खरी माहिती मिळवणारी माणसं या जिल्ह्याला नवी नाहीत. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं आणि पुढे गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. मूल काय खातं आणि काय टाळतं, हे अशी बाई डॉक्टरांपेक्षा लवकर सांगेल.

अडतं ते पुढे. संशयित पदार्थ, समजा दूध, बंद केल्यावर मूल नीट जेवू लागतं, आईवडील खूश होतात. सूज खरंच उतरली का, हे मात्र पुन्हा भूल देऊन, दुर्बीण घालून, तुकडा तपासूनच कळतं. हसत-खेळत असलेल्या मुलासाठी हा खर्च कोण करणार? आणि तो तुकडा हाती नसेल, तर अभ्यास अर्धवट राहतो.

म्हणून प्रस्तावित निधीतून आधी या दुसऱ्या तपासणीचा खर्च जावा, त्यासोबत पालकांचं एसटीभाडं आणि बुडालेली मजुरीही. आचारसमितीची मान्यता आणि पालकांची लेखी संमती असल्याशिवाय एकही रुपया खर्च होऊ नये. हिशेब दरवर्षी याच सभेत वाचला जावा. पहिली वर्गणी आज इथे बसलेल्या डॉक्टरांनी द्यावी; गावाकडे त्यानंतर जाऊ.